भाड्याची पेटी

एखाद्या गांवीं पाणी विकणारा मनुष्य दारोदार फिरत असावा, परंतु त्याचा नियम असा असावा कीं, पाणी घ्यावयाचें तर तें त्याच्याच घागरींत घेतलें पाहिजे, आणि त्या घागरीचें भाडें दरमहा निराळें दिलें पाहिजे. घरांत तांब्याचे दहा हंडे असले तरी त्यांत तो पाणी ओतणार नाहीं. घागर कितीहि वर्षें घरांत राहो, तिची किंमत कितीहि वेळां फिटो, ती गिऱ्हाइकाची कधींच व्हावयाची नाहीं. अशी गोष्ट कोणी सांगितली तर ऐकणारा हंसेल, आणि असल्या गांवीं राहावयास कोण जाईल, असें विचारील. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोट्यवधि कुटुंबें किती तरी वर्षें अशाच गांवीं राहत आलीं आहेत. तेथील पाणी म्हणजे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, पाणीवाला म्हणजे केबल-कंपनी, आणि घागर म्हणजे पडद्याजवळ ठेवलेली ती काळी पेटी, जिला सेट-टॉप बॉक्स असें म्हणतात.

श्रोतेहो, ती घागर पाणीवाल्यास परत करावी आणि बाजारांतून विकत आणलेलें स्वतःचें लहानसें यंत्र तिच्या जागीं लावावें, हें शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास त्यांत लाभ किती व हानि किती, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां किरकोळ दिसतो. परंतु त्याच्या पोटीं एक जुना व महत्त्वाचा प्रश्न आहे. सेवा विकत घेणाऱ्या गृहस्थाच्या उंबरठ्याच्या आंत सेवा देणाराचा अधिकार कोठपर्यंत चालावा, हा तो प्रश्न होय.

ही पेटी करते तरी काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. केबल-कंपनीच्या तारेंतून शेंकडों वाहिन्या एकाच वेळीं घरांत येतात. त्यांपैकीं पाहिजे ती निवडून घेणें हें पेटीचें पहिलें काम. कंपनीनें त्या वाहिन्या सांकेतिक रूपांत पाठविलेल्या असतात. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकासाठीं तें कुलूप उघडणें हें दुसरें काम. आंकड्यांच्या रूपांत दाबून लहान केलेलें चित्र पुनः उलगडून पडद्याकडे धाडणें हें तिसरें. आणि कोणत्या वाहिनीवर केव्हां काय आहे याचें वेळापत्रक दाखविणें हें चौथें. या चार कामांपैकीं पहिलें, तिसरें व चौथें कोणीहि चांगला कारागीर आपल्या यंत्राकडून करवून घेऊं शकतो. अडचण आहे ती दुसऱ्या कामाची. कुलूप कंपनीचें, किल्लीहि कंपनीची. आणि ती किल्ली पेटीच्या पोटांत बसविलेली असल्यामुळें किल्लीसाठीं सबंध पेटीच भाड्यानें घ्यावी लागते. सर्व वादाचें मूळ या एका किल्लींत आहे.

असाच प्रश्न अमेरिकेंत पूर्वीं टेलिफोनच्या बाबतींत उत्पन्न झाला होता. टेलिफोनचें यंत्र कंपनीच्या मालकीचें असे, ग्राहक त्याचें भाडें देई, आणि कंपनीनें न पुरविलेली कोणतीहि वस्तु त्यास जोडण्याची मनाई असे. हश-ए-फोन नांवाची एक वस्तु त्या काळीं मिळत असे. टेलिफोनच्या तोंडावर बसविण्याचा तो एक पेला होता. बोलणाराचें बोलणें शेजारच्या माणसास ऐकूं जाऊं नये एवढाच त्याचा उपयोग. त्यांत वीज नाहीं, तार नाहीं, कांहीं नाहीं. तरी त्यासहि हरकत घेण्यांत आली. १९५६ सालीं वॉशिंग्टन येथील अपील-न्यायालयानें असा निकाल दिला कीं, इतरांस उपद्रव होत नसेल तर आपल्या टेलिफोनचा खासगी उपयोग सोयीप्रमाणें करण्याचा ग्राहकास हक्क आहे. त्यानंतर टेक्सास संस्थानांतील टॉमस कार्टर यांचें कार्टरफोन नांवाचें यंत्र पुढें आलें. बिनतारी संभाषणाचें यंत्र टेलिफोनशीं जुळवून देण्याची ती युक्ति होती. दूरच्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या माणसास तिच्यामुळें टेलिफोनवर बोलतां येई. हा वाद फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनपुढें गेला, आणि १९६८ सालीं कमिशननें ठरविलें कीं, टेलिफोनच्या जाळ्यास इजा न करणारें यंत्र जोडण्यास कंपनीस बंदी करतां येणार नाहीं. या निर्णयानें दार उघडलें. पुढें निरोप घेणारीं यंत्रें, फॅक्स-यंत्रें आणि संगणकास टेलिफोनची तार जोडून देणारीं मोडेम-यंत्रें घरोघरीं आलीं. ज्या इंटरनेटवर आजचा हा सर्व विषय उभा आहे, तें सामान्य माणसाच्या घरांत प्रथम याच दारानें शिरलें.

टेलिफोनच्या बाबतींत जें साधलें तें दूरचित्रवाणीच्या बाबतींतहि साधावें, या हेतूनें अमेरिकेच्या काँग्रेसनें १९९६ च्या दूरसंचार-कायद्यांत ६२९ वें कलम घातलें. वाहिन्या दाखविणारी पेटी कंपनीखेरीज इतर दुकानांतूनहि ग्राहकास मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय. तो अमलांत आणण्यासाठीं किल्ली पेटींतून बाहेर काढण्याची युक्ति कमिशननें योजिली. केबलकार्ड नांवाचें एक खिशांत मावेल एवढें कार्ड कंपनीनें द्यावें, आणि ग्राहकानें तें आपल्या पसंतीच्या यंत्रांत खुपसावें. कंपन्यांनीं स्वतःस एक व इतरांस एक असा न्याय लावूं नये म्हणून, १ जुलै २००७ पासून त्यांच्या नव्या पेट्यांतहि तेंच कार्ड असलें पाहिजे, असा नियम झाला.

योजना कागदावर उत्तम होती. व्यवहारांत मात्र कार्ड बसविण्यासाठीं पुष्कळदां कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावें लागे, आणि कार्ड लावलेल्या यंत्रांतून मागणीनुसार चित्रपट पाहण्याची कंपनीची सोय बहुधा मिळत नसे. परिणाम असा झाला कीं, मोठ्या कंपन्यांनीं आपल्याच पेट्यांत ५ कोटींहून अधिक कार्डें घातलीं, आणि ग्राहकांनीं स्वतः विकत घेतलेल्या यंत्रांत गेलेलीं कार्डें सुमारें ६ लाखच भरलीं. २०१४ च्या कायद्यानें कंपन्यांवरील तो नियम रद्द ठरविला, आणि २०२० सालीं कमिशननें केबलकार्डाचे उरलेले नियमहि काढून टाकले.

मध्यंतरीं २०१५ सालीं मार्की व ब्लूमेंथॉल या दोन सिनेटरांनीं कंपन्यांकडून माहिती मागवून एक हिशेब प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें शेंकडा ९९ ग्राहक पेटी भाड्यानेंच घेत होते. त्या भाड्यापायीं दर कुटुंबास वर्षाकांठीं सरासरी २३१ डॉलर ८२ सेंट पडत होते. आणि साऱ्या देशाची बेरीज सुमारें १,९५० कोटि डॉलर होत होती. हे आंकडे वाचून पुष्कळांचे डोळे उघडले. फेब्रुवारी २०१६ मध्यें कमिशनचे तेव्हांचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनीं पेटीचा बाजार खुला करण्याचा प्रस्ताव मांडला. ३ विरुद्ध २ मतांनीं तो लोकांच्या विचारासाठीं पुढें ठेवण्यांत आला, आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनींहि त्यास पाठिंबा दिला.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें होतें कीं, किल्ली परक्याच्या हातीं गेली तर कार्यक्रमांची चोरी वाढेल, आणि वाहिन्यांशीं झालेले करार निरर्थक होतील. हें म्हणणें सर्वस्वीं पोकळ होतें असें नाहीं. ज्याचा माल आहे त्यास तो सुरक्षित राहावा असें वाटणारच. म्हणून तडजोडीची वाट निघाली ती अशी कीं, कंपन्यांनीं किल्ली कोणास देऊं नये, परंतु आपापलें ॲप, म्हणजे यंत्रांत घालावयाची आज्ञावली, सर्व प्रमुख यंत्रांसाठीं विनामूल्य द्यावी. परंतु २९ सप्टेंबर २०१६ रोजीं व्हावयाचें मतदान ऐन वेळीं लांबणीवर पडलें, आणि जानेवारी २०१७ मध्यें नवे अध्यक्ष अजित पै यांनीं तो प्रस्ताव विचारांतून काढून घेतला.

कायद्यास जें वीस वर्षांत साधलें नाहीं, तें पुष्कळ अंशीं दुसऱ्याच वाटेनें साधलें. मे २००८ मध्यें रोकू नांवाच्या कंपनीनें सुमारें १०० डॉलर किंमतीचें एक यंत्र विक्रीस आणलें. आरंभीं त्यांत नेटफ्लिक्सचे चित्रपट तेवढे दिसत. रोकू हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ सहा असा आहे. संस्थापक अँथनी वुड यांची ती सहावी कंपनी, म्हणून तें नांव. ॲपलचें यंत्र २००७ पासूनच बाजारांत होतें. जुलै २०१३ मध्यें गूगलनें ३५ डॉलरांचें क्रोमकास्ट काढलें, आणि २०१४ सालीं ॲमेझॉननें फायर टीव्ही व मागोमाग बोटाएवढी फायर स्टिक आणली. या यंत्रांना केबलची तार लागत नाहीं. तीं पडद्यास जोडावयाचीं, आणि घरांतील वाय-फायच्या द्वारें तीं इंटरनेटवरून चित्र ओढून घेतात.

हें चित्र येतें कसें, तें समजण्याजोगें आहे. पाठविणारें केंद्र कार्यक्रमाचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे पाडतें, आणि प्रत्येक तुकड्याच्या हलकी, मध्यम व उत्कृष्ट अशा अनेक प्रती तयार ठेवतें. घरांतील यंत्र कांहीं तुकडे आगाऊ जमवून घेतें. वाट मोकळी असली तर उत्कृष्ट प्रत मागतें, आणि वाटेंत गर्दी झाली कीं हलकी प्रत मागून वेळ निभावून नेतें. म्हणूनच कधीं कधीं चित्र क्षणभर अंधुक होतें, पण थांबत नाहीं. कुलूप येथेंहि असतेंच. परंतु ग्राहकाचें नांव व परवलीचा शब्द पटल्यावर त्याची किल्ली इंटरनेटवरूनच येते. भाड्याच्या पेटींतून किल्ली सुटली ती अशी.

हीं यंत्रें घरोघरीं गेल्यावर केबल-कंपन्यांनाहि त्यांच्याकडे पाठ फिरवून चालेना. मार्च २०१३ मध्यें टाइम वॉर्नर केबल या कंपनीनें आपल्या वाहिन्यांचें ॲप रोकूवर आणलें. कॉमकास्टनें २०१७ च्या आरंभीं तसेंच ॲप प्रायोगिक रूपांत दिलें. या व्यवस्थेंत ग्राहक केबलचाच राहतो, वर्गणीहि तिलाच देतो. पेटी मात्र त्याची स्वतःची होते. पुढें डिसेंबर २०१९ मध्यें संमत झालेल्या एका कायद्यानें, जें यंत्र कंपनीनें पुरविलेंच नाहीं त्याचें भाडें आकारण्यास मनाई केली, आणि ती मनाई डिसेंबर २०२० पासून लागू झाली. असा नियम कायद्यांत लिहावा लागला, यावरूनच पूर्वींच्या व्यवहाराची कल्पना यावी.

आतां घरगुती हिशेब. पेन्शनवर राहणारें एखादें वृद्ध दांपत्य डोळ्यांपुढें आणावें. घरांत दोन पडदे आहेत, एक बैठकीच्या खोलींत व एक निजावयाच्या. दर पेटीस महिना १० डॉलर भाडें धरलें तर दोहोंचे वर्षास २४० डॉलर, आणि दहा वर्षांत २,४०० डॉलर होतात. आणि एवढें देऊनहि शेवटीं पेटी कंपनीचीच. प्रत्येकीं ४० डॉलर किंमतीचीं दोन यंत्रें ८० डॉलरांत येतात, म्हणजे चार महिन्यांच्या भाड्यांत त्यांची किंमत निघते. औषधपाण्याचा खर्च मोजून करणाऱ्या घरांत ही बचत लहान नव्हे.

परंतु जमेची बाजू वाचून खर्चाची झांकून ठेवणें हें हिशेबनीसास शोभत नाहीं. स्वच्छ चित्रास सेकंदाला सुमारें ५ मेगाबिट, आणि अतिसूक्ष्म चित्रास १५ किंवा अधिक, एवढा इंटरनेटचा वेग अखंड मिळावा लागतो. स्वच्छ चित्राच्या एका तासांत सुमारें ३ गिगाबाइट माहिती घरांत उतरते. ज्या घरीं इंटरनेट आधींच आहे त्यास हा नवा खर्च नाहीं. परंतु ज्या वृद्धांनीं तें कधीं घेतलेंच नाहीं, त्यांनीं वीस डॉलरांचें भाडें वाचविण्यासाठीं त्याहून महाग इंटरनेट घ्यावें, यांत शहाणपण कोणतें? शिवाय इंटरनेट बंद पडलें कीं दूरचित्रवाणीहि बंद. दोन आधारांच्या जागीं एकच आधार उरतो.

थेट दाखविल्या जाणाऱ्या सामन्यांत आणखी एक गंमत होते. तुकडे पाडणें, धाडणें व साठविणें यांत वेळ जातो, आणि चित्र केबलच्या मागें अर्धा मिनिट, कधीं त्याहूनहि अधिक, रेंगाळतें. शेजारच्या घरांत जयघोष होऊन जातो आणि या घरांत चेंडू अजून खेळाडूच्या हातींच असतो. पेटींत जपून ठेवलेल्या जुन्या कार्यक्रमांचें काय, हाहि प्रश्न आहे. पेटी परत गेली कीं ते तिच्याबरोबरच जातात. ॲपवर कार्यक्रम सांठविण्याची सोय असली तरी ती कंपनीच्या दूरच्या कोठारांत असते, आणि तिची मुदत कंपनी ठरवील ती.

आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हातांतील कळफलक, ज्याला रिमोट म्हणतात. जुन्या रिमोटवर आंकडे असत. बातम्यांची वाहिनी कोणत्या आंकड्यावर, प्रार्थनेची कोणत्या, हें म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना पाठ झालेलें असतें. डोळे अधू झाले तरी बोटें चुकत नाहींत. नव्या यंत्रांच्या रिमोटवर बहुधा आंकडेच नसतात. ॲप उघडा, यादी येईल, बाण दाबीत खालीं जा, असा तो प्रकार. चिरंजीव सुटींत येतात, दहा मिनिटांत यंत्र बसवितात, भाडें वाचलें म्हणून समाधानानें परत जातात. आणि मागें राहिलेली आई त्या संध्याकाळीं काळ्या पडद्यासमोर बसून राहते, कारण पुनः विचारण्याचा तिला संकोच वाटतो. वाचलेले वीस डॉलर या संध्याकाळीची भरपाई करूं शकत नाहींत. ज्यानें यंत्र बदलावयाचें त्यानें दोन दिवस शेजारीं बसून शिकवावें, मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून पडद्याजवळ चिकटवाव्या, आणि तेवढा वेळ नसेल तर जुनी पेटी राहूं द्यावी.

तरी अजून एक गोष्ट उरते. जुन्या मालकाच्या हातून सुटणारानें नवा मालक कोण, हें पाहून घेतलें पाहिजे. डिसेंबर २०२० मध्यें चार्टर या केबल-कंपनीचा व रोकूचा करार संपला, तेव्हां तिचें स्पेक्ट्रम नांवाचें ॲप रोकूच्या दुकानांतून निघून गेलें. ज्यांनीं तें पूर्वींच घेतलें होतें त्यांचें चालू राहिलें. नव्यानें घेऊं पाहणारास मात्र ऑगस्ट २०२१ मध्यें समेट होईपर्यंत तें मिळेना. भांडण दोन कंपन्यांचें, आणि दार बंद झालें तें तिसऱ्याचें. तसेंच, यंत्र इतकें स्वस्त कां मिळतें याचाहि विचार केला पाहिजे. २०१८ सालीं रोकूचें जाहिराती व तत्सम व्यवहारांतील उत्पन्न यंत्रविक्रीच्या उत्पन्नाहून अधिक झालें. अर्थात् यंत्र हें दुकान आहे, आणि पाहणाराची आवडनिवड हा त्यांतील माल आहे. यंत्राच्या मांडणींत खासगीपणाविषयींचे कांहीं पर्याय असतात. ते शोधून बंद करावे.

ज्यांना हा बदल करावयाचा आहे त्यांच्यासाठीं क्रम सोपा आहे. पेटी परत करण्यापूर्वीं आपल्या कंपनीचें ॲप कोणत्या यंत्रावर चालतें हें पाहावें. आपण नेहमीं पाहतों त्या सर्व वाहिन्या, विशेषतः गांवच्या स्थानिक वाहिन्या, त्यांत आहेत काय हें तपासावें. प्रथम एकच यंत्र घेऊन एक महिना दोन्हीं शेजारीं शेजारीं चालवावीं. समाधान झालें म्हणजेच पेटी परत करावी, पोंच घ्यावी, आणि ती पोंच जपून ठेवावी. कारण न परत केलेल्या पेटीची किंमत मागणारें बिल पुढें आलें तर त्यास तेवढेंच उत्तर आहे. पुढील महिन्याच्या बिलांतून भाड्याची ओळ खरोखर गेली काय, हें स्वतः वाचून पाहावें. आणि स्थानिक वाहिन्याच तेवढ्या पाहणारानें हेंहि लक्षांत ठेवावें कीं, अमेरिकेंत त्या आकाशांतून विनामूल्य येतात; साधा ॲन्टेना लावला तर पेटीहि नको आणि वर्गणीहि नको.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा प्रश्न परका वाटूं नये. केबलसाठीं पेटी सक्तीची करण्याची मुदत मुंबईस ऑक्टोबर २०१२ अखेरची व पुणें, नागपूर, नाशिक इत्यादि शहरांस मार्च २०१३ अखेरची ठरली होती. तेव्हां घरांत आलेली पेटी एका कंपनीची असली कीं दुसरीकडे चालत नाहीं, हा अनुभव पुष्कळांस आहे. कंपनी बदलावयाची तर चांगली चालती पेटी माळ्यावर टाकावी लागते. एकच पेटी सर्वत्र चालावी, अशी शिफारस भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें एप्रिल २०२० मध्यें केली. अमेरिकेंतील १९९६ च्या कलमाचीच ती भावंड म्हणावयास हरकत नाहीं, आणि त्या कलमाची कथा वर सांगितलीच आहे. केवळ शिफारशीनें किंवा कलमानें किल्ली सुटत नाहीं. ती सुटली काय, हें ग्राहकांनीं पाहत राहावें लागतें.

पाणीवाल्यानें पाण्याचे पैसे घ्यावे. त्यांत कोणाची तक्रार नाहीं. परंतु पाणी एकदां घराच्या उंबरठ्याच्या आंत आलें म्हणजे तें कोणत्या भांड्यांत ठेवावें, हें घरधन्यानें ठरवावें. पेल्यासारख्या एका क्षुल्लक वस्तूवरून १९५६ सालीं जो निकाल लागला, त्याचा अर्थ एवढाच होता. तो हक्क वापरणें न वापरणें हें ज्याच्या त्याच्या सोयीवर आहे. कोणी हिशेब करून पेटी परत करील. कोणी घरांतील वृद्धांच्या बोटांची संवय ओळखून ती ठेवील. दोघेहि विचार करून वागले, तर दोघांचेंहि बरोबरच आहे. चूक होते ती फक्त त्याची, जो दर महिन्यास भाडें भरतो, आणि आपण कशाचें भाडें भरतों हें एकदांहि पाहत नाहीं.